लँडस्केप आर्किटेक्चरमध्ये एम.आर्क.: प्रवेशाआधीची तयारी आणि पहिल्या वर्षाचं काम

बी.आर्क.च्या चौथ्या-पाचव्या वर्षात असलेल्या आणि पुढे लँडस्केप करायचं ठरवलेल्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहिलं आहे. प्रवेशपरीक्षेचे क्लास भरपूर आहेत, पण पहिल्या सत्रात चांगल्या-चांगल्या विद्यार्थ्यांची धांदल का उडते हे फारसं कोणी सांगत नाही. पाच वर्षं आपण इमारत काढतो आणि खालची जमीन सपाट, कोरडी, रिकामी धरून चालतो. लँडस्केपच्या स्टुडिओत, म्हणजे डिझाइनच्या वर्गात, पहिल्याच आठवड्यात तीच जमीन समोर येते: तिचा उतार, तिच्यावरून वाहणारं पाणी, तिची माती. झाडांची नावं वर्षभरात पाठ होतात. उतार आणि पाणी वाचायची सवय मात्र आधीपासून लावावी लागते, म्हणून खाली सगळ्यात जास्त जागा तिलाच दिली आहे.

प्रवेश

भारतात हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा असतो. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये (स्पा) तो १९७२ पासून चालतो. भोपाळची स्पा, अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ आणि पुण्यात कर्वेनगरचं भानुबेन नानावटी महाविद्यालय ही महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांच्या यादीत हमखास असणारी नावं. संस्था निवडताना इमारत आणि रँकिंग पाहण्यापेक्षा तीन गोष्टी विचारा. गेल्या तीन-चार वर्षांच्या थिसिसचे विषय काय होते? स्टुडिओची साइट विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा जाता येईल इतकी जवळ असते का? शिकवणाऱ्यांत परिसरशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र जाणणारं, नियमित येणारं कोणी आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर ती उणीव दोन वर्षं जाणवत राहते.

सरकारी संस्थांसाठी गेट परीक्षेचा ‘आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग’ हा पेपर द्या. तो १०० गुणांचा आणि तीन तासांचा असतो. १५ गुण सामान्य क्षमतेला, ६० गुण सर्वांना सारख्या असलेल्या भागाला आणि २५ गुण आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंग यांपैकी निवडलेल्या भागाला. बहुपर्यायी प्रश्न चुकला तर त्याच्या गुणांच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. आकडा लिहायच्या आणि एकाहून जास्त पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना असा दंड नाही, त्यामुळे ते कोरे सोडण्यात काहीच फायदा नाही. परीक्षा फेब्रुवारीत होते, पण नोंदणी आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच उरकते. ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या, गडबडीत ती तारीख हुकणारे दरवर्षी निघतात. तिसऱ्या वर्षापासून परीक्षेला बसता येतं आणि गुण तीन वर्षं चालतात, म्हणून चौथ्या वर्षातच एकदा देऊन ठेवावी. थिसिसच्या वर्षात ते ओझं नको.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांचे एम.आर्क. प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात. सेप्टचा अर्ज वेगळा असतो आणि तिथे पोर्टफोलिओला वजन आहे. पात्रतेचे बारकावे दरवर्षी थोडे हलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण धरा.

बी.एस्सी. ॲग्री किंवा हॉर्टिकल्चर केलेल्यांना एम.आर्क.चं दार सहसा बंद असतं, कारण त्याला बी.आर्क. लागते. त्यांच्यासाठी कृषी विद्यापीठांतला फुलशेती व लँडस्केपिंगचा एम.एस्सी. हा एक रस्ता. दुसरा परदेशातला: अमेरिकेत दुसऱ्या शाखेतून आलेल्यांसाठी तीन वर्षांची एम.एल.ए. (मास्टर ऑफ लँडस्केप आर्किटेक्चर) असते, तर बी.आर्क. झालेल्यांना बऱ्याच ठिकाणी ती दोन वर्षांत करता येते. तिकडे जायचं असेल तर तो कार्यक्रम तिथल्या लँडस्केप मान्यता मंडळाने मान्य केलेला आहे ना, हे आधी बघा. पुढे परवाना परीक्षेला बसताना अडचण येते ती इथेच.

पोर्टफोलिओत काय असावं

बहुतेक पोर्टफोलिओ सारखेच दिसतात: हिरव्यागार रेंडरमध्ये (संगणकावरच्या चित्रात) बुडालेली तीच इमारत, बाजूला कुठून तरी उचललेली विलायती झाडं. निवड करणाऱ्यांना त्यातून तुमची नजर कळत नाही. १५ ते २० पानं पुरेत, आणि त्यातली निदान चार पानं एका खऱ्या जागेच्या निरीक्षणाला द्या. जागा छोटी घ्या. गावाजवळच्या ओढ्याचा २०० मीटरचा तुकडा, पाझर तलावाची एक बाजू, टेकडीवरची एखादी पायवाट, शाळेचं मैदान, काहीही चालेल. तिथे मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा जा. एकाच ठिकाणाचे, एकाच प्रमाणातले दोन छेद (जमीन उभी कापल्यासारखी दाखवणारी चित्रं) काढा. उन्हाळ्यात पाणी कुठे, पावसाळ्यात कुठे. कोणतं झाड पानं टाकून उभं होतं, कोणत्याखाली माणसं आणि गुरं बसली होती. माती कुठे वाहून गेली. हे १:१०० किंवा १:२०० मध्ये हाताने काढलेलं असलं तरी चालतं, किंबहुना तसंच बरं. फक्त मापं खरी हवीत.

हेतुपत्रात ‘मला निसर्गाची आवड आहे’ हे वाक्य नको, ते सगळेच लिहितात. त्याऐवजी या छेदांतून पडलेला एक प्रश्न लिहा: ओढ्याला भिंत बांधल्यावर वरच्या बाजूची वाळुंजं (पाण्याकाठची झाडं) का मेली, अशा धर्तीचा.

जागा वाचणं

पहिल्या सत्रात साइट अ‍ॅनालिसिसला चार ते सहा आठवडे मिळतात आणि त्यातले निम्मे चुकीच्या नकाशावर वाया जातात. सर्वाधिक होणारी चूक अशी: इंटरनेटवरून ३० मीटरचं उंची-डेटा उतरवायचं, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचं आणि एक बटण दाबून अर्ध्या मीटरचे कंटूर (सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषा) काढायचे. रेषा येतात, त्या सुंदरही दिसतात, पण त्या खऱ्या नसतात. ३० मीटरच्या एका चौकोनाला एकच उंची असते आणि मधलं सगळं सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. त्यात झाडांचे शेंडे आणि गच्च्यासुद्धा जमीन म्हणून मोजल्या जातात. असा डेटा पाणलोट क्षेत्र ठरवायला चांगला आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशेही त्याच कामाचे, कारण त्यांतल्या कंटूरमधलं अंतर २० मीटर असतं. दोन-चार एकरांच्या साइटवर मात्र टोटल स्टेशन या मोजणीयंत्राचा सर्व्हे मिळवा, नाहीतर ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) घेऊन १० मीटरच्या जाळीवर स्वतः लेव्हल, म्हणजे उंच्या, घ्या. तेही नसेल तर गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. दोघांनी एका दिवसात मुख्य बिंदू होतात.

बिंदूंवरून कंटूर कसे काढायचे ते एकदा हाताने करून पाहा. समजा दोन बिंदू २० मीटर अंतरावर आहेत, वरचा ५५२.३० आणि खालचा ५५०.७०. उतरण १.६० मीटर, म्हणजे ८ टक्के. ५५२ चा कंटूर वरच्या बिंदूपासून ०.३० ÷ १.६० × २० = ३.७५ मीटरवर येईल, ५५१.५ चा १० मीटरवर आणि ५५१ चा १६.२५ मीटरवर. असे सगळे बिंदू जोडले की जमीन दिसायला लागते. कंटूरच्या रेषेचं टोक चढाच्या दिशेने वळलं असेल तर तिथे ओघळ आहे आणि उताराकडे वळलं असेल तर तिथे सोंड (पुढे आलेला उंचवटा) आहे. हे उलटं वाचलं की पुढचं सगळं डिझाइन उलटं होतं. खात्री करायची असेल तर प्रत्यक्ष त्या जागी जाऊन उभे राहा.

आता पाणी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हे डोक्यात पक्कं ठेवा. ७०० मिलिमीटर पावसाच्या गावात एका हेक्टरवर वर्षाला ७० लाख लिटर पाणी पडतं. पण नाली किंवा चर किती मोठा हवा हे वर्षाच्या पावसावर ठरत नाही, जोराच्या सरीवर ठरतं. त्यासाठी स्टुडिओत हे सूत्र वापरतात: वाहणारं पाणी, घनमीटर प्रति सेकंद = गुणांक (पडलेल्या पावसाचा वाहून जाणारा हिस्सा) × पावसाची तीव्रता, मिलिमीटर प्रति तास × क्षेत्र, हेक्टर ÷ ३६०. साइट दोन हेक्टर, सर तासाला ६० मिलिमीटरची, आणि जमीन गवत-झुडपांची म्हणून गुणांक ०.४ धरला तर उत्तर ०.१३३, म्हणजे सेकंदाला साधारण १३३ लिटर. तीच जमीन फरशी-डांबराने झाकली, गुणांक ०.८ झाला, तर २६७ लिटर. तुमच्या आराखड्याने हा आकडा किती बदलला, ते शीटवर लिहा. आणखी एक, साइटच्या हद्दीवर थांबू नका. वरच्या बाजूने येणारं पाणी तुमच्याच जागेतून जाणार आहे, आणि विद्यार्थ्यांच्या आकडेमोडीत बहुतेक वेळा तेच सुटलेलं असतं.

माती तपासायला प्रयोगशाळेची वाट बघू नका. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती घालून वर पाणी भरा, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू दोन-तीन मिनिटांत तळाला बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती एक दिवसानंतरही पाणी गढूळ ठेवते. दुसरी परीक्षा बोटांची: ओलसर माती अंगठा आणि तर्जनीत दाबून फीत काढा. पाच सेंटिमीटरच्या पुढे न तुटता आली तर ती भारी काळी माती.

मुरण्याचा वेग काढायला ३० सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या, पुन्हा भरा आणि आता तासाभरात पातळी किती उतरली ते मोजा. काळ्या मातीत घाई केली तर इथे हमखास फसगत होते. मे महिन्यात तिला हातभर खोल भेगा असतात, पहिलं पाणी भेगांतून झपकन नाहीसं होतं आणि वाटतं जमीन छान पाणी पिते. पाऊस लागला की माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जागा डबकं होते. म्हणून काळ्या मातीला आदल्या दिवशी भरपूर पाणी देऊन मगच माप घ्या. तासाला १२-१३ मिलिमीटरपेक्षा कमी पाणी उतरत असेल, तर तिथे शोषखड्डा किंवा रेन गार्डन (पावसाचं पाणी जिरवणारा खोलगट वाफा) दाखवू नका, पाणी दुसरीकडे न्या. हीच माती फुगून-आकसून फरशी उचलते आणि ठेंगण्या भिंतींना तडे पाडते, त्यामुळे पाथवेखाली ती काढून मुरूम भरावा लागतो. तो खर्च आराखड्यात आधीच धरा.

शेवटी उभी असलेली झाडं. प्रत्येकासाठी नाव, जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर, उंची, दोन दिशांना पसारा, प्रकृती आणि बुंध्यापाशी जमिनीची लेव्हल लिहा. शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात आणि मग नव्या आराखड्यात जुन्या वडाच्या बुंध्याभोवती ४० सेंटिमीटर भर पडते. झाड त्या वर्षी मरत नाही. मुळांना हवा न मिळाल्याने ते हळूहळू शेंड्याकडून वाळतं, आणि तोवर ठेकेदार कधीच गेलेला असतो. मुळांसाठी राखायचं अंतर काढायची सोपी रीत: खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्या. घेर १.९ मीटर असेल तर व्यास सुमारे ०.६ मीटर आणि राखीव त्रिज्या ७.२ मीटर. त्या वर्तुळात ना चर, ना भर, ना सिमेंटच्या गोण्या.

ही सगळी माहिती एकाच प्रमाणात, वेगवेगळ्या ट्रेसिंगवर घ्या आणि एकावर एक ठेवून बघा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या इयन मॅकहार्ग यांनी १९६० च्या दशकात रुजवलेली ही पद्धत आजही शिकवतात, ती उगीच नाही. मात्र आठ नकाशे रंगवून भिंतीवर लावले म्हणजे विश्लेषण झालं असं नव्हे. प्रत्येक नकाशाखाली एक वाक्य लिहा: ‘म्हणून इथे काय करायचं नाही.’ ते लिहिता येत नसेल तर तो नकाशा काढून टाका.

ग्रेडिंग

ग्रेडिंग म्हणजे जमिनीला हवा तसा उतार देणं. लक्षात ठेवायचे आकडे थोडेच आहेत. फरशीला १ ते २ टक्के उतार, हिरवळीला किमान २ टक्के. कापायची हिरवळ १:३ पेक्षा तीव्र नको, कारण यंत्र घसरतं. त्याहून तीव्र उतारावर झुडपं किंवा वाळ्यासारखं माती धरणारं गवत लावा. रॅम्प १:१२, आणि साधारण दर ९ मीटरला दीड मीटरचा सपाट टप्पा.

वरचंच उदाहरण घ्या. २० मीटरमध्ये १.६० मीटरची चढण आहे. १:१२ ने १९.२ मीटर लागतात म्हणून ‘बसतं’ असं लिहून मुलं पुढे जातात. पण मधले दोन टप्पे धरले की लांबी २२.२ मीटर होते आणि रॅम्प सरळ बसत नाही. त्याला वळण द्यावं लागतं, वळणाला जागा लागते, तिथे नेमकं एखादं झाड असतं. हे ज्युरीच्या आदल्या रात्री कळलं तर सगळा आराखडा हलतो. लेव्हल म्हणूनच दुसऱ्या आठवड्यात घाला.

खोदाई आणि भर शक्यतो साइटवरच जुळवा. खोदलेला मुरूम सुटा झाला की अंदाजे पावपट फुगतो आणि दाबल्यावर पुन्हा बसतो, तेव्हा ट्रकच्या खेपा फुगलेल्या मापावर आणि भर दाबलेल्या मापावर मोजा. वरची १५-२० सेंटिमीटर माती आधी वेगळी काढून दीड-दोन मीटरपेक्षा कमी उंचीच्या ढिगात ठेवा. ढीग उंच झाला की आतली माती हवेविना निर्जीव होते.

तळघरावरच्या स्लॅबवर बाग करायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरशी पहिल्याच दिवशी बोला. ओली माती घनमीटरला १,८०० ते २,००० किलो भरते. हिरवळीला ३० सेंटिमीटर, झुडपांना ६०, लहान झाडाला मीटरभर माती लागते. स्लॅबवर वड काढणारे आराखडे अजूनही दिसतात.

झाडं

वनस्पतींची शीट पाठ करण्यापेक्षा आठ-दहा झाडं वर्षभर पाहा. पुण्यात असाल तर एम्प्रेस गार्डन आणि वेताळ टेकडी, मुंबईत भायखळ्याची राणीची बाग. एका वहीत महिन्यावार लिहा: पानगळ कधी, पालवी कधी, फूल कधी, फळ कधी, खाली सावली किती दाट. पळस आणि पांगारा फेब्रुवारी-मार्चमध्ये पानांविना फुलतात, कुसुंबाची लाल पालवी मार्चमध्ये येते, बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळा होतो, ताम्हण त्याच सुमारास जांभळं. एप्रिलमध्ये सावली हवी असलेल्या बाकाशेजारी पळस लावून चालणार नाही, हे वहीतूनच कळतं. टेकडीवर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) दाट लागवड पाहा, तिच्याखाली काय उगवतं आणि शेजारच्या मोकळ्या गवताळ तुकड्यात काय उगवतं याची यादी करा. ‘जास्त झाडं म्हणजे चांगलं’ या समजुतीवर त्यानंतर वेगळा वाद घालावा लागत नाही. दख्खनच्या उथळ मुरमाड माळाला गवत हेच मूळचं आच्छादन आहे आणि ते राखणं हाही आराखडाच असतो.

लागवडीच्या तक्त्यात शास्त्रीय नाव लिहाच. नुसतं ‘अशोक’ लिहिलं तर नर्सरीतून सीताअशोकाऐवजी आसुपालवाची सरळसोट रोपं येतात. संख्या काढताना झुडपं ६० सेंटिमीटर अंतरावर चौकोनी मांडणीत प्रति चौरस मीटर २.८ आणि तिरप्या मांडणीत ३.२ लागतात, ३० सेंटिमीटरच्या जमीनझाकणीला ११ ते १३. वर मरतुकीसाठी ५ ते १० टक्के जोडा. मुरमात झाडाचा खड्डा मीटरभर लांब, रुंद, खोल घ्या आणि उन्हाळ्यात खणून तापू द्या. लागवड जूनच्या पहिल्या सरीला करू नका, दोन-तीन चांगले पाऊस पडून जमीन आतपर्यंत ओली झाली की मग करा.

थिसिस

विषय दुसऱ्या सत्राच्या सुट्टीत ठरवा. ‘मुळा-मुठेचं पुनरुज्जीवन’ हा विषय एका माणसाचा आणि एका सत्राचा नाही. नदीला मिळणारा एक ओढा घ्या, त्याचं पाणलोट क्षेत्र १:५,००० वर मांडा, त्यातला एक तुकडा १:१,००० वर, एक जागा १:२०० वर आणि एक तपशील, समजा काठाची बांधबंदिस्ती, १:२० वर. चारही प्रमाणांत तोच प्रश्न सुटत गेला पाहिजे. १:५,००० वर ‘पाणी जिरवा’ म्हणायचं आणि १:२० वर काँक्रीटची गटार काढायची, हे ज्युरीत पहिल्या मिनिटाला पकडलं जातं.

साइट अशी निवडा जिथे पावसाळ्यात निदान एकदा आणि एकूण चार-पाच वेळा जाता येईल. जमीन कोणाची आहे आणि परवानगी कोण देतो हे आधी लिहून काढा. सातबारा बघा, विकास आराखड्यातलं आरक्षण बघा, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे जवळच्या निरीक्षण विहिरीच्या पातळ्या मागा. अर्ज केल्यावर माहिती यायला वेळ लागतो, त्यामुळे तो तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच टाका. थिसिस रखडतात ते बहुधा कागदांमुळे. डिझाइन सुचत नाही म्हणून रखडलेले कमी.